अर्धी वाक्यं, ताणलेल्या उपमा आणि तांत्रिक वाद

अनुस्वार

गेल्या आठवड्यात आमच्या टीममध्ये एका कोड रिव्ह्यूवर (एकाने लिहिलेला कोड इतरांनी तपासणं) वाद झाला. एका स्क्रीनवर यादी दाखवताना प्रत्येक ओळीसाठी डेटाबेसकडे वेगळी क्वेरी, म्हणजे माहितीची मागणी, जात होती. यादीत पन्नास नावं असली की पन्नास क्वेऱ्या. नव्याने रुजू झालेल्या एका मुलीने खाली लिहिलं, "हे एका जॉइनमध्ये होईल, बदलू का?" म्हणजे सगळं एकाच क्वेरीत आणता येईल. त्यावर एका जुन्या सहकाऱ्याने एवढंच चिकटवलं: "अकाली ऑप्टिमायझेशन हे सगळ्या अनर्थाचं मूळ आहे. डोनाल्ड क्नूथ." ऑप्टिमायझेशन म्हणजे कोड वेगवान करणं. झालं, विषय बंद. तिने 'ओके' लिहिलं आणि आपली कमेंट काढून टाकली.

बदल न करण्याचा निर्णय कदाचित योग्यही असेल. ती स्क्रीन दिवसाकाठी चारदोन लोकच उघडत असतील. पण तसं कोणी म्हटलं नाही आणि कोणी मोजलंही नाही. मोठ्या माणसाचं नाव पुढे करून एका रास्त शंकेचं तोंड बंद केलं, हे मला फार लागलं.

त्यात ज्याच्या नावाने हे झालं त्या नामवंत संगणकशास्त्रज्ञाचं, क्नूथचं, म्हणणं नेमकं उलट आहे. ते वाक्य १९७४ सालचं, 'कंप्युटिंग सर्व्हेज' या नियतकालिकात आलेल्या गो-टू विधानांवरच्या (प्रोग्रॅमला थेट दुसऱ्या ओळीवर उडी मारायला लावणाऱ्या आज्ञांवरच्या) लांबलचक लेखातलं. तिथे क्नूथ एका छोट्या लूपची दोन रूपं देतो आणि दुसरं रूप सुमारे १२ टक्के वेगवान असल्याचं दाखवतो. पुष्कळ जण या १२ टक्क्यांना किरकोळ म्हणतील, असं तो स्वतःच लिहितो. मग सांगतो की जुन्या, रुळलेल्या अभियांत्रिकी शाखांमध्ये सहज पदरात पडणारी १२ टक्के सुधारणा कोणी किरकोळ मानत नाही, आणि सॉफ्टवेअरमध्येही तीच दृष्टी असायला हवी. एवढं झाल्यावर येतं ते प्रसिद्ध वाक्य. पूर्ण आशय असा: छोट्या छोट्या बचतींचा विचार साधारण ९७ टक्के वेळा सोडून द्यावा, अकाली ऑप्टिमायझेशन हे सगळ्या अनर्थाचं मूळ आहे, तरीही मोक्याच्या त्या ३ टक्क्यांतली संधी दवडू नये. आणि हे ३ टक्के कुठले, ते अंदाजपंचे ठरवू नका, असंही तो लगेच बजावतो, कारण मोजमापाची साधनं वापरणाऱ्या सगळ्यांना आपले अंदाज चुकल्याचाच अनुभव आलेला आहे.

मोजून बघायला सांगणारा परिच्छेद आमच्याकडे मोजणं टाळायला वापरला गेला.

त्याच रिव्ह्यूत पुढे दुसरा प्रकार झाला. एक जण म्हणाला, "हे टेक्निकल डेट आहे, फेडू नंतर." म्हणजे कोडमध्ये राहून गेलेल्या कामाचं तांत्रिक कर्ज. कर्ज कुणाचं, किती, फेडायचं कधी, यावर चकार शब्द नाही. उपमा दिली की काम झालं.

माझं म्हणणं एवढंच आहे. दुसऱ्याचं वाक्य पुढे करायचं तर त्याच्या अटींसकट करावं. आणि उपमा द्यायची तर ती कुठपर्यंत लागू पडते, हे देणाऱ्यानेच सांगावं. समोरच्याने खोदून काढेपर्यंत थांबू नये. इथे हार्डवेअर, सॉफ्टवेअर, स्थापत्य, सगळ्या शाखांचे लोक आहेत. तुमच्या क्षेत्रात असं काय काय मोडतोड होऊन फिरतंय?

जुना_कंपायलर

शंभर टक्के सहमत. थोडी भर घालतो. त्या वाक्याचा धनी कोण हासुद्धा घोळ आहे. क्नूथने स्वतःच पुढे १९८९ च्या लेखात ते टोनी होअर या दुसऱ्या संगणकशास्त्रज्ञाच्या नावावर टाकलं. तेव्हा ज्यांना नुसतं नाव मिरवायचं असतं, त्यांनी निदान नाव तरी तपासावं.

आणि गो-टूचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. मार्च १९६८ मध्ये डाइक्स्ट्रा या संगणकशास्त्रज्ञाचं जे गाजलेलं पत्र 'गो टू घातक' अशा अर्थाच्या मथळ्याखाली आलं, तो मथळा त्याचा नाहीच. त्याने साधं 'गो टू विधानाविरुद्धची बाजू' अशा धर्तीचं शीर्षक दिलं होतं. संपादक होता निकलाउस विर्थ, त्याने ते बदललं. तेव्हापासून 'अमुक घातक' अशा मथळ्यांची रांग लागली आहे, आणि त्या आक्रस्ताळेपणाचं खापर मात्र डाइक्स्ट्रावर.

गॅन्टचार्ट

मी दुसरी बाजू मांडतो. अनुस्वारताई, तुमचा राग समजतो, पण रोज तीस-चाळीस रिव्ह्यू बघणाऱ्या माणसाकडे १९७४ चा लेख उघडायला वेळ नसतो. अशी वाक्यं आपल्या धंद्यातल्या म्हणीच झाल्या आहेत. 'अति तिथे माती' म्हणताना कोणी संदर्भ विचारत नाही. त्या वाक्यातून सगळ्यांना एक गोष्ट कळते: आधी चालू दे, मग पळव. हा सल्ला चांगला आहे आणि बहुतेक वेळा बरोबर ठरतो. क्नूथच म्हणतो ना, ९७ टक्के वेळा.

उपमांचंही तेच. क्लायंटला रिफॅक्टरिंग (काम तेच ठेवून कोडची रचना सुधारणं) म्हटलं की तो बजेट बंद करतो, कर्ज म्हटलं की ऐकून घेतो. ज्या शब्दाने काम होतं, तो शब्द मी वापरणार.

अनुस्वार

गॅन्टचार्ट, म्हण म्हणून वापरायला माझी काहीच हरकत नाही. मग खाली क्नूथचं नाव लिहू नये. नाव लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, एवढ्या मोठ्या माणसाने या परिस्थितीचा विचार करून निकाल दिलाय. आमच्याकडची ती मुलगी गप्प बसली ती नावामुळे. "ही स्क्रीन कोणी फारशी उघडत नाही, राहू दे" असं लिहिलं असतं तर तिला उलट विचारता आलं असतं, की किती जण उघडतात?

टेस्टबेंच

माझ्याकडचं उदाहरण वॉटरफॉलचं, म्हणजे सॉफ्टवेअर एकामागून एक ठरलेल्या पायऱ्यांनी बनवायच्या पद्धतीचं. गेली कित्येक वर्षं प्रत्येक अजाइल (छोट्या टप्प्यांत, बदल करत काम करण्याच्या पद्धतीच्या) ट्रेनिंगमध्ये पहिल्या पाच मिनिटांत तीच स्लाइड येते: पायऱ्या पायऱ्यांची आकृती, शेजारी विन्स्टन रॉईस, १९७०, आणि शिकवणारा सांगतो, 'या माणसाने आपल्याला वॉटरफॉलच्या खाईत लोटलं.'

रॉईसचा पेपर मोजक्या पानांचा आहे. वाचायला अर्धा तास पुरे. 'वॉटरफॉल' हा शब्द त्यात एकदाही येत नाही. गरजा, विश्लेषण, डिझाइन, कोडिंग, चाचणी अशी ती उतरती आकृती दिल्यावर तो लगेच सांगतो की हे असं राबवणं धोक्याचं आहे आणि अपयशाला आमंत्रण आहे. कारणही देतो. चाचणी सगळ्यात शेवटी येते. टायमिंग, स्टोरेज, इनपुट-आउटपुट या गोष्टी तोवर फक्त कागदावर तपासलेल्या असतात आणि प्रत्यक्ष अनुभवाला पहिल्यांदा तिथेच येतात. तिथे गणित चुकलं तर डिझाइन मुळापासून बदलावं लागतं. उरलेला सगळा पेपर यावरच्या उपायांचा आहे. त्यातला एक उपाय तर असा की काम दोनदा करा, आधी छोटी चाचणी-आवृत्ती बनवा आणि ग्राहकाला दुसरी द्या.

ज्याने धोक्याची पाटी लावली, त्यालाच रस्ता खणल्याबद्दल दोष देतात.

ओहोटी

टेस्टबेंच, बहुतांश बरोबर. पण तुम्हीही एक तुकडा सोडलात. रॉईसचं वाक्य सुरू होतं ते 'मला ही संकल्पना पटते' असं म्हणून. त्यानंतर 'पण' येतो आणि मग धोका. पुढेही तो त्या पायऱ्या मोडीत काढत नाही. त्यांच्यात परतीच्या वाटा घालतो, कागदपत्रं वाढवायला सांगतो. दस्तावेजांवर त्याचा एवढा भर आहे की आजच्या अजाइलवाल्यांना तो झेपणार नाही. त्याला वॉटरफॉलचा जनक म्हणणं अन्याय आहे, तसंच त्याला अजाइलचा आद्यपुरुष करणंही अन्यायच. गेल्या काही वर्षांत हा दुसरा प्रकारही बराच बोकाळलाय.

टेस्टबेंच

मान्य, ते 'पटतं' महत्त्वाचं आहे. आमच्या ट्रेनिंगच्या स्लाइडवर पूर्ण वाक्य टाकायला सांगणार आहे.

रेझिस्टर

उपमांबद्दल लिहितो. मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रिकल शिकवतो. पहिल्या सत्रात पाण्याची उपमा दिल्याशिवाय गाडी पुढे जात नाही: व्होल्टेज म्हणजे दाब, करंट म्हणजे प्रवाह, रेझिस्टन्स म्हणजे अरुंद नळी. पाण्याची उपमा पहिल्या वर्गात उत्तम चालते. पण तारेचं टोक मोकळं सोडल्यावर काय होतं, हा प्रश्न आला की तिथे ती थांबवावी लागते. नळी कापली तर पाणी वाहून जातं. तार कापली तर करंट बंद पडतो. ज्या मुलांना ही हद्द सांगितलेली नसते, ती तिसऱ्या सत्रातही विचारतात, "सर, प्लग पॉइंटमधून करंट लीक होतो का?" चूक मुलांची नाही.

याच उपमेचा एक भाग मात्र फार खोलवर जातो. लांब पाइपलाइनचा व्हॉल्व्ह झटकन बंद केला की धाडकन आवाज येतो आणि दाब एकदम चढतो, कधी पाइपही फुटतो. याला वॉटर हॅमर म्हणतात. वाहत्या पाण्याला स्वतःचा जोर असतो, ते एका क्षणात थांबत नाही. रिलेच्या (विजेवर चालणाऱ्या स्विचच्या) कॉइलचंही तेच. स्विच उघडला की कॉइल करंट चालू ठेवायला बघते आणि व्होल्टेज उसळतं. १२ व्होल्टच्या रिलेवर शेकडो व्होल्टचा झटका येऊ शकतो. म्हणून कॉइलला उलटा डायोड लावतात, करंटला फिरून विरायला वाट मिळते. मी मुलांना ऑसिलोस्कोपवर (व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रावर) डायोड काढून आणि लावून दोन्ही दाखवतो. ती उंच सुई गायब झालेली पाहिली की डायोड लावायला कोणी विसरत नाही. इथे दोन्हीकडचं समीकरण एकाच साच्याचं आहे, म्हणून उपमा टिकते.

हद्द सांगण्याची रीत मॅक्सवेलने केव्हाच घालून दिली आहे. फॅरेडेच्या बलरेषांवरच्या १८५० च्या दशकातल्या लेखात त्याने विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांसाठी न दाबल्या जाणाऱ्या द्रवाची उपमा वापरली. आणि सुरुवातीलाच स्पष्ट केलं की हा द्रव खरा तर नाहीच, गृहीतक म्हणूनही धरलेला नाही. काही प्रमेयं मनात नीट बसावीत म्हणून एकत्र केलेला काल्पनिक गुणधर्मांचा संच आहे. मॅक्सवेलला हे सांगावंसं वाटलं, तर आपल्याला वाटायला काय हरकत आहे?

पाणीपुरवठा

रेझिस्टर सर, तुमची पोस्ट फार आवडली. मी नळ योजनांच्या डिझाइनमध्ये काम करतो, तेव्हा पाण्याच्या बाजूने एक भर. ओहमच्या नियमात व्होल्टेज आणि करंट सरळ प्रमाणात असतात. आमच्या पाइपांत तसं नाही. हेझन-विल्यम्सच्या सूत्रात दाबातली घट प्रवाहाच्या १.८५ घाताच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट केला की घट साधारण साडेतीनपट. नळीत प्रवाह अगदी संथ असेल तरच सरळ प्रमाण येतं, आणि शहराच्या मुख्य वाहिनीत तसं कधी नसतं.

गंमत पुढे आहे. संगणक हाताशी नव्हते तेव्हा शहरांच्या पाणी-जाळ्यांचं गणित सोडवायला विजेच्या सर्किटचीच प्रतिकृती वापरायचे. मॅकइलरॉय अॅनलायझर नावाचं यंत्र होतं. त्यात साधे रेझिस्टर लावून भागत नव्हतं. खास फिलामेंटचे घटक बनवले होते, ज्यांच्यावरचं व्होल्टेज करंटच्या सरळ प्रमाणात न वाढता जवळपास त्याच घाताने वाढायचं. उपमा जिथे तुटते ती जागा त्यांना ठाऊक होती, म्हणून त्या जागेसाठी त्यांनी वेगळा भाग घडवला आणि मग त्यावर पाणीपुरवठ्याचे निर्णय घेतले.

सळई

पुलांचं एक. अमेरिकेतला टॅकोमा नॅरोज पूल वाऱ्यात कोसळला, ७ नोव्हेंबर १९४०. आपल्याकडे ते अनुनादाचं उदाहरण म्हणून शिकवतात, झोक्याला वेळेवर धक्का दिल्यासारखं. वारा ताशी सुमारे ६५ किलोमीटर होता. त्या वेगाला पुलामागे सुटणाऱ्या भोवऱ्यांची वारंवारता मिनिटाला साधारण ६० येते, आणि पूल पिळवटत होता मिनिटाला १२ वेळा. धक्क्याची वेळ जुळतच नाही. बिल्ला आणि स्कॅनलन यांनी १९९१ मध्ये हे नीट मांडलं: पुलाची हालचालच वाऱ्यातून ऊर्जा ओढून घेत होती, त्याला फ्लटर म्हणतात. झोक्याची उपमा धरून चाललो तर उपाय म्हणून आपण नैसर्गिक वारंवारता बदलत बसू, आणि डेकचा (पुलावरच्या रस्त्याच्या पट्ट्याचा) आकार तसाच राहील. चुकीच्या उपमेतून चुकीची दुरुस्ती येते, हा माझा मुख्य मुद्दा.

गॅन्टचार्ट

"पाण्याची उपमा पहिल्या वर्गात उत्तम चालते" असं रेझिस्टर सरांनीच म्हटलंय. मी तेच म्हणतोय. क्लायंट म्हणजे पहिल्या वर्गातलाच विद्यार्थी.

रेझिस्टर

गॅन्टचार्ट, त्याला लागून असलेलं "तिथे ती थांबवावी लागते" हे वाक्यही घ्या. तो माझ्या म्हणण्याचा अर्धा भाग आहे.

गॅन्टचार्ट

सर, मी मुद्दाम काही लपवलं नाही, तुमची पोस्ट वरच आहे, कोणीही वाचू शकतं. प्रत्येक वेळी अख्खा परिच्छेद डकवला तर धागा वाचता येणार नाही. वाक्य तोडणं आणि अर्थ तोडणं यात फरक आहे असं मला वाटतं, आणि इथे मी अर्थ तोडलेला नाही.

ओहोटी

यावर मी एक कसोटी वापरते. तोडलेलं वाक्य मूळ लेखकापुढे ठेवलं तर तो त्याखाली सही करेल का? इथे रेझिस्टर सर समोरच आहेत आणि सही करत नाहीयेत. क्नूथ किंवा रॉईस समोर नसतात, तेव्हा तर जास्तच जपून. रॉईस आता हयात नाही, तो येऊन सांगणार नाही की माझी दुसरी आकृतीही दाखवा.

पासबुक

कर्जाच्या उपमेवर बोलायला मी योग्य माणूस आहे, कारण बँकेच्या आयटी विभागात आहे आणि दोन्ही प्रकारची कर्जं रोज बघतो.

वॉर्ड कनिंगहॅमने ही उपमा १९९२ च्या ऊप्सला या प्रोग्रॅमिंगच्या परिषदेतल्या अनुभव-लेखात दिली. तेव्हा तो वायकॅश नावाच्या पोर्टफोलिओ सॉफ्टवेअरवर काम करत होता, म्हणून उपमाही वित्त क्षेत्रातली. त्याचं म्हणणं: पहिल्यांदा लिहिलेला कोड बाहेर पाठवणं म्हणजे थोडं कर्ज काढण्यासारखं आहे. त्याने वेग येतो, *जोवर ते पुनर्लेखनाने लगेच फेडलं जातं*. फेडलं नाही तर त्या अर्धवट बरोबर कोडवर जाणारं प्रत्येक मिनिट म्हणजे व्याज. पुढे २००९ मध्ये त्याने पुन्हा खुलासा केला की वाईट कोड लिहून नंतर नीट करू, हे त्याला कधीच अभिप्रेत नव्हतं. आज विषय जितका समजलाय तितका कोडमध्ये नीट उतरवा, आणि समज वाढली की कोड त्या समजेशी जुळवून घ्या, हे त्याचं कर्ज. आपल्याकडे कंटाळा करून सोडलेल्या कामालाही लोक तेच नाव देतात.

आता उपमेची हद्द. आमच्याकडे कर्ज म्हटलं की मुद्दल, दर, मुदत, हप्त्याची तारीख आणि जामीनदार, सगळं कागदावर असतं. कोडच्या कर्जात यातलं काहीच लिहिलेलं नसतं. काढणारा वेगळा, फेडणारा वेगळा. काढणारा बहुतेक वेळा दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो. बँकेचं व्याज झोपेतही चढतं, पण ज्या मॉड्यूलला कोणी हातच लावत नाही त्यावर व्याज शून्य. आमच्याकडे असे जुने प्रोग्रॅम आहेत, दिसायला भयंकर, पण वर्षानुवर्षं कोणाला त्यांत जावं लागलेलं नाही. 'कर्ज आहे, फेडलंच पाहिजे' म्हणून ते पुन्हा लिहायला घेणं म्हणजे पैशाची नासाडी.

गॅन्टचार्ट, तुमच्या क्लायंटला ही उपमा जरूर द्या. फक्त तिच्यासोबत रकमेचा अंदाजही द्या: या मॉड्यूलमध्ये प्रत्येक बदलाला आज किती तास जादा लागतात आणि महिन्याला असे किती बदल येतात. बँकेत कर्ज मागायला गेलात तरी पहिला प्रश्न आकड्याचाच येतो.

गॅन्टचार्ट

पासबुक, हे पटलं. जादा तास आणि महिन्याचे बदल, हे दोन रकाने आमच्या शीटमध्ये सहज बसतील. अवतरणांच्या बाबतीत माझं मत अजून पूर्ण बदललेलं नाही, पण नाव घालायचं तर अट घालायची, एवढं मान्य.

जुना_कंपायलर

१९९२ वरून आठवलं. त्याच वर्षी २९ जानेवारीला टॅनेनबाम या संगणकशास्त्राच्या प्राध्यापकाने 'लिनक्स कालबाह्य आहे' असा मथळा देऊन वाद सुरू केला. त्यातलं 'तू माझा विद्यार्थी नाहीस हे नशीब समज, अशा डिझाइनला मी चांगले गुण दिले नसते' हे वाक्य आजही फिरतं, एका उद्धट प्राध्यापकाचा पुरावा म्हणून. मूळ वाक्याच्या शेवटी हसरा चेहरा आहे, तो हमखास गळतो.

उलट बाजूचंही गळतं. लिनक्स बनवणाऱ्या टॉरवाल्ड्सने जोरदार उत्तर दिलं हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच उत्तरात त्याने मोनोलिथिकचा (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा एकाच अखंड तुकड्यात असण्याचा) मुद्दा कबूल केलाय, मायक्रोकर्नल (गाभा छोटा, बाकीचे भाग वेगळे) जास्त चांगले हे मान्य केलंय, आणि सिद्धांताच्या दृष्टीने लिनक्स हरतो असंही लिहिलंय. त्याचा दावा एवढाच होता की हातात चालणारी, मोफत मिळणारी गोष्ट ही आहे. स्वतःच्या तिखट भाषेबद्दल त्याने लगोलग माफीही मागितली. अख्खा वाद वाचला की दोघंही जास्त शहाणे दिसतात. मायक्रोकर्नलचा विषय निघाला की नव्या पोरांना मी आधी तो पूर्ण वाचायला लावतो.

मिरजकर_एम्बेडेड

उशिरा आलो. टेस्टबेंच किंवा ओहोटी, रॉईसच्या त्या इतर आकृत्यांबद्दल जरा सांगाल का? आमच्या कॉलेजच्या नोट्समध्ये फक्त उतरत्या पायऱ्या होत्या.

ओहोटी

नक्की. ती उतरत्या पायऱ्यांची म्हणजे आकृती २. आकृती ३ मध्ये लागून असलेल्या पायऱ्यांमध्ये परतीचे बाण आहेत, आणि खाली लिहिलंय की ही ये-जा शेजारच्या पायऱ्यांपुरती राहील अशी आशा. आकृती ४ मध्ये तो सांगतो की दुर्दैवाने ती तेवढ्यापुरती कधीच राहत नाही: चाचणीतून बाण थेट प्रोग्रॅम डिझाइनवर जातो आणि तिथून सॉफ्टवेअरच्या गरजांवर. त्यापुढच्या आकृत्या उपायांच्या आहेत. सातवी बघा, काम दोनदा करण्याची, आणि शेवटची दहावी, ज्यात सगळे उपाय एकत्र येतात. ती इतकी गच्च भरलेली आहे की कुठल्याच स्लाइडवर मावणार नाही. नोट्समध्ये दुसरीच का आली, याचं एक कारण तेही असावं. तुमच्या कॉलेजात अजून कोणी शिकवत असेल तर त्यांना निदान चौथी आकृती दुसरीच्या शेजारी छापायला सांगा.